पहिल्या आवृत्तीतला शेवट

सव्वाचारला, मॅडम. बरोबर सव्वाचारला सुरू झालं हे सगळं. नाही नाही, भाषण कधी संपतंय म्हणून नव्हते बघत मी घड्याळ — साडेचारला चहा द्यायचा होता ना, गॅस कधी लावायचा म्हणून बघत होते — आणि तेवढ्यात तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, ‘पण पहिल्या आवृत्तीत हे मूल मरतं.’ इतकं सहज! जसं काही कोणाला सांगावं, तेवढा पंखा बारीक करा. हॉलमध्ये सगळ्यांनी ‘अच्छा’ केलं, पुढच्या बायकांनी माना हलवल्या, आणि मी मागे, मोरीजवळ, हातात साखरेचा डबा. त्यानंतर काय केलं मला आठवत नाही. तुम्ही बिनसाखरेचा मागितलेला ना चहा? गोड आला ना? हो, तो मीच दिला.

बसा ना, उभ्या का. गाडी ह्याच गेटवर येते. मागच्या गेटला नॅशनल पार्कची भिंत, तिकडे माकडांशिवाय कोणी येत नाही. किती मिनिटं दाखवतंय? बारा? म्हणजे वीस धरा, बोरिवलीत बाराची बारा कधी होत नाहीत. मग तेवढं ऐकून घ्या माझं. मी श्रुतिका. वनमालाकाकूंच्या समोरचा दरवाजा माझा. ज्यांनी तुम्हाला बोलावलं त्या वनमालाकाकू, वाचनकट्टा त्यांचाच — मी फक्त चहा करते आणि मागे बसून ऐकते. काय? गोष्ट आहे ती? हो मॅडम, कळतं मला गोष्ट आहे ते. सातवी झालेय मी, सावंतवाडीला, मराठीत नंबर असायचा माझा. गोष्ट ती गोष्ट, खरं ते खरं. पण मी त्या गोष्टीवर पोर वाढवलंय. म्हणून विचारते — दोन शेवट आहेत म्हणालात, त्यातला खरा कुठला?

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. नीट सांगते.

हे पुस्तक — ‘बारा उंबऱ्यांच्या गोष्टी’, दीडशे वर्षं होत आली म्हणालात ना त्याला — ते आमच्याकडे तुमच्या आधीपासून आहे. काकूंच्या आजोबांचं. पुठ्ठा नाही, पानं अशी की चहात बुडवून वाळत घातलीत. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा दिवस राहिलेले आणि मी पडून होते, डॉक्टरनी सांगितलेलं, संडासपुरतं उठायचं, बस. त्याआधी माझी दोन गेलेली. एक पोटातच. दुसरी मुलगी — पाच महिन्यांची होऊन, कुशीवर वळायला लागलेली — नका, काही बोलू नका, लोक काहीतरी बोलतात आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते. तर मी पडलेली, सुबोध कामावर — नवरा माझा, लिफ्टची कामं करतो — आणि दुपारी काकू यायच्या ते पुस्तक घेऊन. मी म्हटलं, काकू, टीव्ही लावते ना मी. तर म्हणाल्या, ‘टीव्हीत सगळ्या सासवा एकमेकींना विष घालतायत, तुझं बीपी चढेल. हे ऐक. ह्यातल्या सासवा नुसत्या कटकट करतात.’ अशा आहेत काकू.

त्यात ती गोष्ट आली. कोंड्याच्या पोराची. एका बाईची मुलं जगत नाहीत. म्हणून पुढचं झालं की ती ते शेजारणीला विकते, सूपभर कोंड्याला. खोटंखोटं हो. म्हणजे ज्याला कोणाला हिची मुलं न्यायची सवय लागलीय — सटवाई म्हणा, नजर म्हणा — त्याला फसवायचं, की बाबा हे हिचं नाहीच, ही तर कोण परकी, आणि पोर काय, कोंड्याच्या मोलाचं, त्याला नेऊन तुला काय मिळणार. मग पोर शेजारणीचं म्हणून वाढतं. मुंजीच्या आधी मात्र परत घ्यायचं, तेवढाच कोंडा परत देऊन. आणि काकूंच्या पुस्तकात ती घेते परत. पोराला ताप भरतो, सगळ्यांचा जीव वरखाली, मग डॉक्टर येतो घोड्यावरनं, आणि सकाळी पोर उठून बसतं आणि म्हणतं, पेज दे. संपली गोष्ट. मी रडले होते, मॅडम. पेज दे म्हटल्यावर रडले.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या मालवणीच बोलतात अजून. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘ह्यां काय नुसता पुस्तकातला न्हय गे. आमच्याकडे करतत असा. तूय इकून टाक ह्येका.’ आणि काकू! काकू म्हणजे, आयुष्य बँकेत गेलं, उपास नाही, देव्हारा नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्कीट घालणारी बाई. म्हणाल्या, ‘श्रुतिका, त्या काळातसुद्धा ह्याला लोकांनी वेड्यात काढलं असणार गं!’ मी म्हटलं, काकू, तुमचं काय जातंय? जातंय ते माझं जातंय. खूप वेळ पुस्तकाची पानं नुसती सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, ‘बरं, विक मला. पण मी बोरिवलीत कोंडा कुठून आणू?’

हसलात ना? हसा, आम्ही पण हसलेलो. कोंडा मिळाला कुठे माहितीये? स्टेशनजवळ ते डाएटवाल्यांचं दुकान आहे ना, तिथे. पाकिटात. मागे छापलेलं, अमुक महिन्याच्या आत वापरा. काकूंनी ते पाकीट सुपात ओतलं, मुलगा झाला त्याच्या बाराव्या दिवशी, माझ्या उंबऱ्यावर, आणि पोर उचललं. सासूबाईंनी बोटाने कोंडा बघितला आणि म्हणाल्या, ‘गे बाय, ह्यो गव्हाचो. भाताचो व्हयो होतो. गव्हाचो कसो चलतलो?’ झालं, वाट लागली. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते अजून आहे. की तो सौदा झाला का नीट? म्हणून म्हणते — त्या मास्तरांनी, ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनी, कुठला कोंडा लिहिलाय? नुसतं कोंडा? बघा ना एकदा तुमच्या पहिल्या आवृत्तीत. नाही, आत्ता नको. असू दे. बघू नका.

नाव ठेवलं धोंडिराम. दगड. कोणी उचलून नेणार नाही असं. आणि नियम असा की मी माझा म्हणायचं नाही. बाकी सगळं मीच करायचं — दूध मी पाजलं, रात्री मी जागले, जेवतो माझ्याकडे, झोपतो माझ्याकडे — पण माझा म्हणायचं नाही. तो काकूंना आई म्हणतो. मला वहिनी. सुबोधला दादा, ते चालून जातं, आमच्यात बापाला दादा म्हणतातच. पण वहिनी! शाळेत पहिल्या दिवशी टीचरने विचारलं, घ्यायला कोण आलंय? तर हा म्हणतो, वहिनी. टीचर म्हणाली, अय्या, भाऊ केवढा मोठा आहे तुझा? सगळ्या बायका हसल्या, मी पण हसले, झकास हसले. डोस द्यायला नेला तेव्हा नर्सने विचारलं, आई कोण, आत या — आणि मी बाकावर बसून राहिले आणि काकू आत गेल्या. पासष्ट वर्षांची बाई. नर्सने वर बघितलं नुसतं. काकूंनी तिला सांगितलं, ‘उशिरा झालाय.’

मी लाडसुद्धा जपून केले, मॅडम. म्हणजे कोणी बघत असेल तर अजिबात नाही. आणि कोणी बघत नसेल तर — कोणीतरी बघतंच ना. ज्याच्यापासून लपवायचं तो तर बघतच असतो.

आणि आज तुम्ही सांगितलंत, पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हा किती टीका झाली. पुण्याच्या कुठल्या मासिकात आलं की शिकलेल्या माणसाने चुलीपुढच्या बायकांच्या खुळ्या समजुती गोळा करून छापल्यात. आणि कोणी लिहिलं, मूल परत घेतल्यावर मारलंत म्हणजे तुम्ही ती समजूत खरीच करून दाखवलीत, असलं पुस्तक घरात आणू नये. बरोबर ना? मी नीट ऐकलं सगळं. आणि मास्तरांची सरकारी शाळेतली नोकरी, ते घाबरले, आणि दुसऱ्या आवृत्तीत डॉक्टर आणला, घोडा आणला, पोर जगवलं. तेच काकूंच्या आजोबांनी घेतलेलं. तेच मी ऐकलं. आणि तुम्ही म्हणालात — ‘टीकाकारांनी एका उत्तम कथेचा जीव घेतला.’ टाळ्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी मागे उभी, मला कळेचना. जीव घेतला कुठे? वाचवला ना त्यांनी! शिव्या घालून का होईना, वाचवलं की पोर! मला त्या टीकाकारांच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगते. आणि तुम्ही आता नवीन पुस्तक काढताय आणि त्याला परत मारताय. राग नका मानू. तुमचं काम आहे ते, समजतं मला. मूळ ते मूळ. पण माझ्याकडे सहा वर्षं दुसराच शेवट होता हो घरात.

नाही, काकूंना नव्हतं माहीत. चेहरा बघितला मी त्यांचा. पुढच्या रांगेत बसल्या होत्या, तुम्ही वाक्य बोललात आणि त्यांनी मान वळवून थेट मागे बघितलं, माझ्याकडे. पांढऱ्याफटक. आभार मानताना पुस्तकाचं नाव चुकलं त्यांचं — आख्खं पुस्तक तोंडपाठ असलेली बाई. आणि आता बघा, खुर्च्या लावतायत आत. खुर्च्या लावायला वॉचमन आहे! मला तोंड द्यायचं नाहीये त्यांना, दुसरं काही नाही.

कारण उद्या आमचं ठरलंय. परत घ्यायचं. उद्या सकाळी, त्यांच्या उंबऱ्यावर. बुधवारी काकू चालल्यात बंगलोरला, मुलाकडे, कायमच्या. इथला फ्लॅट भाड्याने. सासूबाई म्हणतात ज्याला विकलं त्याच्याच हातून, त्याच्याच दारात घ्यावं लागतं, फोनवर होत नाही, कुरियरने होत नाही. सुबोध म्हणतो, ‘अगं घे ना घरात पोराला, बस झालं आता हे, शाळेत त्याला धोंड्या धोंड्या करतात, नाव पण बदलू, यज्ञेश ठेवू.’ त्याचं बरोबर आहे. सगळं ठरलेलं. भाताचा कोंडा मागवला ह्या वेळी, गोराईवरनं मासे घेऊन येते ती बाई, तिच्या घरची भातशेती आहे, तिने आणून दिला पिशवीभर. म्हटलं, निदान परत देताना तरी चूक नको. मी एकदम बिनधास्त होते हो! पेज मागतं ना पोर, मग कशाला घाबरायचं — आणि सव्वाचारला तुम्ही चष्मा काढलात.

काय? तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना. खरं कुठेतरी घडलेलं का ते? मास्तरांनी बघितलेलं का? माहीत नाही? एवढं सगळं शोधलंत आणि एवढंच नाही शोधलं? — सॉरी. सॉरी मॅडम. नाही कळणार तुम्हाला तरी कसं.

अजून एक सांगू? हे कोणाला नाही बोलले, सुबोधला पण नाही. गेल्या आठवड्यात काकू सामान बांधत होत्या, धोंडिराम खोक्यात बसलेला, आणि काकू म्हणाल्या, ‘ह्याला असाच टेप लावून नेते मी बंगलोरला. माझाच आहे ना?’ मस्करीत हो. तो खदाखदा हसला, मी पण हसले. आणि मॅडम — मला हलकं वाटलं. अगदी मनापासून. वाटलं, न्या. न्या ना खरंच. लांब राहील, माझ्या नजरेत नाही, माझ्या नावावर नाही, त्याला काही होणार नाही, आणि झालं तर — झालं तर ते माझं गेलं असं नाही होणार. असं आलं मनात. कसली आई असा विचार करते? पण मी आई कुठेय, मी वहिनी. बघा, सोय केलेली मी स्वतःची. लोकांना वाटतं पोराला वाचवायला केलं. मला पण तसंच वाटायचं. आत्ता तुमच्याशी बोलताना कळतंय की मी कोंडा कोणासाठी घेतला ते. तिसरं गेलं तर मला परत ते व्हायचं नव्हतं जे दुसरीच्या वेळी झालं. बस. एवढंच.

रुमाल नको, पदर आहे.

धोंडिराम पडला ना मगाशी? तुम्ही बघितलंत की. तुमच्या टाळ्या चालू होत्या आणि तो घसरगुंडीवरनं पडून रडत आत आला, गुडघा सोललेला. मी दारातच होते. हात पुढे केला मी. तो माझ्या हाताखालनं गेला, मॅडम. आई आई करत पुढच्या रांगेत, काकूंच्या मांडीत. तुम्ही हसून विचारलंत, ‘नातू का?’ काकू काय म्हणाल्या? त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. आणि मी चहा ओतायला गेले.

पण मला दुसरंच सांगायचं होतं. तुम्ही तो पहिला शेवट वाचून दाखवलात ना. तेवढं एक वाक्य राहिलंय माझ्याजवळ. बघा बरोबर आहे का — ‘ती तीन दिवस त्यास मांडीवरून खाली ठेवीना, तो तिजला आई, आई, म्हणून हाका मारी, आणि प्रत्येक हाकेस ती ओ देई.’ असंच होतं ना? मग तुम्ही पुढे गेलात, तो मरतो वगैरे, मग कला, मग टीकाकार. मी तिथेच राहिले. प्रत्येक हाकेस ती ओ देई. चहा ओतताना, कप विसळताना, तुमच्यामागे गेटपर्यंत येताना तेच. काकूंच्या पुस्तकात, ज्यात पोर जगतं, त्यात हे वाक्यच नाहीये हो. तिथे डॉक्टर येतो, सगळे डॉक्टरकडे बघतात. हाका मारायला वेळच नाही कोणाला.

तीन दिवस मिळाले तिला. मी काही म्हणत नाही की ते बरं. पोर गेलं तिचं, त्यात बरं काय असणार. थू थू, मी असं काही म्हणतच नाही. ताप आला तर काय करीन मला माहीत नाही, मी वेडी होईन, सुबोधला लिफ्टमधनं ओढून आणीन. पण सहा वर्षं तो इथेच, माझ्याच घरात हाका मारतोय, आणि प्रत्येक हाकेला मी गप्प. समोरच्या दाराकडे बघते. की द्या त्याला ओ, काकू. आज गुडघ्यातनं रक्त येतंय आणि मी साखर किती टाकली ते मोजतेय — आणि मोजलीही चुकीची.

ती आली वाटतं तुमची. पांढरी? हो, हीच. सावकाश, तो कठडा आहे. अहो नाही, माझे कसले आभार, तुम्हालाच ताटकळत ठेवलं. जा, जा तुम्ही, तो हॉर्न मारेल आणि सेक्रेटरी गॅलरीत येतील.

मॅडम! एक मिनिट, काच खाली घ्या. गाडी वळून हॉलच्या दारावरनंच जाईल, खुर्च्या झाल्या वाटतं, काकू त्याला घेऊन तिथे पायरीवरच बसल्यात, दिसतील. त्यांना जरा सांगाल? मी गेले तर आम्ही दोघी रडत बसू आणि परत उद्यावर जाईल, आणि उद्यापर्यंत माझा धीर नाही टिकायचा. तुम्ही नुसता निरोप द्या, उतरू पण नका. म्हणावं, श्रुतिका येतेय. उद्या नाही, आत्ताच. मुलाला न्यायला. आणि कुणाच्या मुलाला असं विचारलंच त्यांनी — नाही विचारणार, पण विचारलंच — तर तिच्या, म्हणावं.